कॅप्सूल मिक्सर: घेण्याआधी आणि घेतल्यावर

पावडर आणि लिक्विड वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली कॅप्सूल जोरात हलवून दातांत भरायचे साहित्य मिसळणाऱ्या यंत्राबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे साचली होती. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. बहुतेक प्रश्न दवाखान्यांतले आहेत, एक रुग्णाचाही आहे.

चिपळूणला नवा दवाखाना सुरू करते आहे. डीलरने तीन यंत्रे दाखवली. एक ठरलेल्या एकाच वेगाचे, दुसरे तीन वेगांचे आणि तिसरे सेंट्रिफ्यूजवाले. किमतीत दुपटी-तिपटीचा फरक आहे. काय बघून घ्यावे?
दंतवैद्य, चिपळूण

यंत्र शेवटी बघा. आधी पुढच्या दोन वर्षांत तुम्ही काय काय भरणार आहात त्याची यादी करा. डीलरच्या दुकानात उभे राहून यंत्र ठरवले की मग त्याला जमेल ते साहित्य घ्यावे लागते, आणि इथेच पैसे वाया जातात.

तुमचे बहुतेक काम लाइट क्युअर कंपोझिटचे, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या साहित्याचे असेल तर त्याला मिक्सर लागतच नाही. ते सिरिंजमध्ये तयार येते. झिंक फॉस्फेट आणि झिंक ऑक्साइड युजेनॉल आपल्याकडे अजूनही काचेच्या स्लॅबवर हातानेच होते. म्हणजे यंत्राचे काम उरते ते तीन गोष्टींसाठी: कॅप्सूलमधले ग्लास आयनोमर (जीआयसी), बायोडेंटाइनसारखे कॅल्शियम सिलिकेट सिमेंट आणि अजून वापरत असाल तर कॅप्सूलमधले अमाल्गम (पारा आणि मिश्रधातूची पूड, बोलीत 'चांदी'). यातले पहिले दोन धरून चाला.

आता त्या साहित्यांची माहितीपत्रके काढा आणि दोन आकडे शोधा: वेग आणि सेकंद. फूजी नाइन जीपी या जीआयसीच्या कॅप्सूलला सुमारे ४००० फेऱ्या प्रतिमिनिटाला १० सेकंद लागतात. बायोडेंटाइनला ४००० ते ४२०० ला ३० सेकंद. अॅप्लिकॅप जातीच्या कॅप्सूलसाठी त्या बनवणाऱ्यांचे स्वतःचे कॅपमिक्स हे यंत्र ४३०० ला चालते. म्हणजे ४००० ते ४५०० या पट्ट्यात खरोखर फिरणारे, सेकंदा-सेकंदाने वेळ लावता येणारे आणि निदान ३० सेकंद सलग चालणारे यंत्र तुम्हाला हवे. एवढे जमत असेल तर एकाच वेगाचे यंत्र पुरते. तीन वेगांतला सर्वांत खालचा वेग बहुतेक दवाखान्यांत कधी वापरलाच जात नाही. उलट घाईच्या वेळी कोणाचा तरी हात लागून बटण खाली सरकते आणि आठवडाभर सगळी सिमेंटे भुरभुरीत निघतात. एकच अपवाद: बायोडेंटाइनचा पट्टा अरुंद आहे. तुमचे एकवेगी यंत्र ४२०० च्या वर फिरत असेल आणि बायोडेंटाइन नेहमी वापरायचे असेल, तर वेग बदलता येणारे घ्या.

सेंट्रिफ्यूजवाले यंत्र आधी कॅप्सूल फिरवून मिसळते आणि शेवटी काही सेकंद एकाच दिशेने गरगरा फिरवते, त्यामुळे आतली हवा एका बाजूला जाते. बुडबुडे कमी होतात हे खरे. पण त्याची मिसळण्याची हालचालच वेगळी असल्याने त्याचे सेकंदही वेगळे असतात. ज्या साहित्याच्या पत्रकात त्या यंत्राची वेळ छापलेली नाही, तिथे तुम्ही अंदाजाने काम करणार. दाढेच्या मोठ्या फिलिंगसाठी रोज जीआयसी भरणाऱ्यांना ते परवडते. नव्या दवाखान्याने पहिल्या वर्षी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुकानात यंत्र बघताना पुढच्या गोष्टी हात लावून तपासा. कॅप्सूल धरणारा चिमटा: त्याचे दोन्ही हात धातूचे आहेत का, तुमच्याकडच्या सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब कॅप्सूलला तो घट्ट बसतो का. डीलरच्या रिकाम्या नमुन्यावर विसंबू नका, स्वतःच्या कॅप्सूल खिशात घेऊन जा. झाकण: ते उघडताच मोटर थांबली पाहिजे. झाकण उघडे असताना चालणारे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी नको, कारण ४००० च्या वेगात चिमट्यातून सुटलेली कॅप्सूल थेट डोळ्यात जाऊ शकते. पाय: रबरी चोषक पाय असावेत, आणि चालू असताना यंत्र ओट्यावर सरकू लागता कामा नये. शेवटी चिमटा सुटा मिळतो का आणि मोटर ब्रशची असेल तर कार्बन ब्रश सुटे मिळतात का, हे बिलावर लिहून घ्या. चिमटा हा सर्वांत आधी झिजणारा भाग आहे. तो मिळाला नाही तर उरलेले यंत्र भंगार.

आणि एक हिशेब. यंत्राचा खर्च एकदा होतो, कॅप्सूलचा रोज होतो. एका कॅप्सूलची किंमत वजा तेवढ्याच पावडर-लिक्विडची किंमत, गुणिले महिन्याची फिलिंग, असा आकडा काढून बघा. कॅप्सूल अर्धी वापरून ठेवता येत नाही. फूजी नाइनच्या एका कॅप्सूलमधून निदान ०.१४ मिली सिमेंट निघते. खोल, दोन बाजूंच्या पोकळीला दोन कॅप्सूल लागतात, आणि लहान खड्ड्यात निम्मे वाया जाते. दिवसाला एखाद-दुसरे जीआयसी फिलिंग असेल तर हाताने नीट मिसळणे अजिबात कमीपणाचे नाही.

वडिलांच्या दवाखान्यातला जुना अमाल्गमेटर (अमाल्गम मिसळायचे यंत्र) आहे. त्यावर वेग ३००० लिहिला आहे. मी अमाल्गम करत नाही, पण बायोडेंटाइन सुरू करायचे आहे. वेळ वाढवून चालेल का?
दंतवैद्य, जालना

थोडक्यात, नाही. पण का नाही ते समजून घ्या, कारण हाच प्रश्न बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे.

वरवर हिशेब सोपा दिसतो. ४००० ला ३० सेकंद म्हणजे २००० फेऱ्या. ३००० ला ४० सेकंद दिले की त्याही २०००च. फेऱ्या जुळल्या. पण मिसळण्याचे काम फेऱ्यांची संख्या करत नाही, प्रत्येक फेरीत पावडरीवर बसणारा धक्का करतो. चिमट्याची हालचाल तेवढीच धरली तर हा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ३००० भागिले ४२०० म्हणजे साधारण ०.७१, त्याचा वर्ग ०.५१. म्हणजे प्रत्येक धक्क्याचा जोर निम्म्यावर आला. पावडरीच्या ज्या गुठळ्या पूर्ण धक्क्याने फुटतात त्या निम्म्या धक्क्याने फुटत नाहीत, मग तुम्ही ४० सेकंद द्या की ६०. वेळ वाढवल्याने आणखी एक गोष्ट होते: कॅप्सूल तापते, आणि नीट मिसळलेला भाग लवकर बसायला लागतो. हाती येते ते अर्धे कोरडे, अर्धे घट्ट होऊ लागलेले.

मात्र यंत्रावर लिहिलेल्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका. तो नव्या यंत्राचा आकडा आहे. खरा वेग मोजायचा तर बिनस्पर्शाचा टॅकोमीटर लागतो. मोटर दुरुस्त करणाऱ्यांकडे तो असतो. तो मिळाला नाही तर मोबाइलवर कामचलाऊ मापन होते. आवाजाचा वर्णपट दाखवणारे एखादे अॅप घ्या, फोन यंत्राशेजारी ओट्यावर ठेवा, चिमट्यात भरलेली पण कालबाह्य कॅप्सूल लावा आणि १५ सेकंद चालवा. रिकामा चिमटा फिरवू नका. वजन नसताना वेगही खोटा येतो आणि बेअरिंगलाही ते बरे नाही. पडद्यावर जे सर्वांत खालचे ठळक शिखर दिसेल त्याला ६० ने गुणा. ७० हर्ट्झ आले तर ४२००, ७५ आले तर ४५००. त्याच्या दुपटी-तिपटीवरही शिखरे दिसतील, ती सोडून द्या. ५० वर शिखर आले तर गडबडू नका. ते ३००० चे असू शकते किंवा भिंतीतल्या विजेच्या गुणगुणीचे. यंत्र बंद करा. शिखर तसेच राहिले तर ते विजेचे.

वेळेसाठी स्टॉपवॉच पुरते. १० सेकंद लावून पाचदा चालवा. पाचही वेळा एकसारखे ११ आले तर हरकत नाही, टायमर ९ वर लावा. पण एकदा ८, एकदा १२ असे येऊ लागले तर टायमर गेला. जुन्या फिरत्या बटणाच्या टायमरमध्ये हे फार होते, विशेषतः छोट्या वेळांना. ३० सेकंदांत दोन सेकंदांची चूक खपते, ८ सेकंदांत खपत नाही.

तुमचे यंत्र मोजल्यावर ४००० च्या आसपास निघाले, वेळ स्थिर आली आणि आत पाऱ्याचा अंश नसेल, तर वापरा. ही पाऱ्याची अट गंभीर आहे. त्याबद्दल पुढे वाईच्या पत्रात लिहिले आहे.

दवाखान्यात मदतनीस आहे. जीआयसीची कॅप्सूल कधी कोरडी निघते, कधी सिमेंट दातात सोडायच्या गनमधून येतच नाही. डॉक्टर म्हणतात यंत्र बिघडले. मला वाटते माझेच काहीतरी चुकते. कसे ओळखायचे?
मदतनीस, नाशिक

ताई, तुमची शंका बरोबर दिशेने आहे, पण दोष आधीच स्वतःकडे घेऊ नका. कॅप्सूल खराब निघाली की चारांपैकी एक गोष्ट झालेली असते: कॅप्सूल जुनी, ती नीट फोडली गेली नाही, यंत्र हळू चालते, किंवा मिसळल्यावर वेळ गेला. यात सर्वांत जास्त वेळा दुसरी असते.

फूजीच्या कॅप्सूलचा क्रम असा. पाकीट फोडल्याबरोबर वापरायचे, सकाळीच चार फोडून ट्रेवर मांडून ठेवायचे नाही. कॅप्सूल हाताने हलवा किंवा कडक पृष्ठभागावर एका बाजूने टकटक आपटा, म्हणजे तळाशी दबलेली पावडर सुटी होते. मग मागचा दट्ट्या टेबलावर टेकवून दाबा, तो कॅप्सूलच्या कडेशी सपाट झाला पाहिजे. बोट फिरवून बघा, उंचवटा लागला तर दाबणे अर्धवट आहे. त्यानंतर ती गनमध्ये घालून खटका एकदाच दाबायचा. आतला पडदा तेव्हा पूर्ण फुटतो. गनमधून काढून लगेच यंत्रात, १० सेकंद. पुन्हा गनमध्ये, दोनदा खटका दाबला की सिमेंट नळीच्या टोकाशी येते. यंत्र थांबल्यापासून १० सेकंदांत सिमेंट दातात जायला सुरुवात झाली पाहिजे.

यातला दट्ट्या अर्धा दाबला गेला की लिक्विड सगळे पावडरीत उतरत नाही आणि कोरडे, चुऱ्यासारखे सिमेंट निघते. बघणाऱ्याला वाटते यंत्राने मिसळले नाही. ओळखायची खूण: वापरलेली कॅप्सूल कापून उघडा. लिक्विडच्या कप्प्यात ओल शिल्लक असेल तर दोष दाबण्यात. कप्पा कोरडा आणि पावडर एका टोकाला पांढरी घट्ट बसलेली असेल तर आधी आपटायचे राहिले. कप्पा कोरडा, पावडर कुठेच सुटी नाही आणि तरी सिमेंट रवाळ, बिनचमकीचे असेल, तर यंत्राचा वेग किंवा वेळ बघा.

चांगल्या मिश्रणाला ओली चमक असते. दातात घालेपर्यंत ती चमक गेली तर ते सिमेंट दाताला धरत नाही, कारण चिकटायला लागणारे मोकळे आम्ल संपलेले असते. चमक गेलेले सिमेंट दाबून बसवायचा मोह होतो. टाकून द्यावे, दुसरी कॅप्सूल घ्यावी.

गनमधून येत नाही त्याची दोन कारणे. एक, फार वेळ गेला. फोडलेली कॅप्सूल यंत्रात तशीच ठेवून डॉक्टरांच्या हाकेची वाट पाहिली असेल तर लिक्विड आणि पावडर आतमध्ये आपले काम सुरू करून बसलेली असतात. दोन, खोली गरम. पत्रकावरचा कामाचा वेळ २३ अंशांना मोजलेला असतो. एप्रिलमध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत तो बराच आखडतो. कॅप्सूल ४ ते २५ अंशांत ठेवायच्या असतात, तेव्हा उन्हाळ्यात खोक्याला फ्रीजमध्ये जागा द्या. मात्र फ्रीजमधून काढल्यावर पाकीट बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड कॅप्सूलवर दव धरते, आणि पाण्याचा एक थेंबही या सिमेंटचे प्रमाण बिघडवतो.

अॅप्लिकॅपचा फोडायचा खटका वेगळा असतो. तो पूर्ण खाली नेऊन दोनेक सेकंद धरून ठेवावा लागतो, कारण लिक्विड बारीक छिद्रातून सावकाश उतरते. फटकन दाबून सोडले की पुन्हा तोच कोरडेपणा.

डॉक्टरांची खात्री पटवायची तर एक साधी कसोटी आहे. एकाच खोक्यातल्या दोन कॅप्सूल घ्या, दोन्ही तुम्हीच फोडा. एक तुमच्या यंत्रात, दुसरी शेजारच्या दवाखान्यातल्या यंत्रात, वेळ तीच. दोन्हींचे गोळे काचेवर शेजारी ठेवा आणि कोणाची चमक आधी जाते, कोणाच्या कडेला रवा दिसतो ते बघा. फक्त यंत्र बदलले आहे, म्हणजे फरक दिसला तर तो यंत्राचाच.

दाताच्या डॉक्टरांनी कॅप्सूल यंत्रात हलवून सिमेंट भरले आणि त्याचे जास्त पैसे घेतले. पूर्वी मदतनीस काचेवर कालवून द्यायची. यंत्राचे खरेच जास्त टिकते का?
वाचक, कोल्हापूर

प्रमाण दर वेळी तेच राहते, हा यंत्राचा खरा फायदा. कॅप्सूलमध्ये पावडर आणि लिक्विड कारखान्यात वजन करून भरलेले असते. फूजी नाइनच्या एका कॅप्सूलमध्ये ०.४० ग्रॅम पावडर आणि ०.११ ग्रॅम लिक्विड. हाताने कालवताना पावडर थोडी कमी पडली की सिमेंट कालवायला मऊ, भरायला सोपे होते, म्हणून नकळत पावडर कमीच घेतली जाते. असे पातळ सिमेंट लवकर झिजते आणि फुटते. ही चूक कॅप्सूलमध्ये होत नाही.

मात्र यंत्राच्या घुसळण्यात हवाही मिसळते, आणि सिमेंटातले बुडबुडे ही कमकुवत जागा असते. तेव्हा मापाने, मन लावून हाताने कालवलेले सिमेंट कॅप्सूलच्या बरोबरीने उभे राहू शकते. तुमचे फिलिंग किती टिकेल हे यापेक्षा जास्त ठरते ते कीड किती खोल होती, भरताना दात कोरडा होता का, आणि वरचा दात त्यावर किती जोराने आदळतो यावर. जास्तीच्या पैशांत कॅप्सूलची किंमत आहे. ती खरोखर जास्त असते.

नंदुरबारच्या बाजूला शाळांमध्ये शिबिरे घेतो. वीज भरवशाची नाही. इन्व्हर्टरवर मिक्सर चालवावा का?
दंतवैद्य, धुळे

चालवू नका, नेऊच नका. विजेविना दात भरण्याची एआरटी ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात अशाच परिस्थितीसाठी सुरू झाली: हाताच्या हत्यारांनी कीड काढायची आणि हाताने कालवलेले घट्ट जीआयसी बोटाने दाबून भरायचे. शिबिरात ती यंत्रापेक्षा भरवशाची आहे. अट एवढीच की कालवणे काटेकोर हवे.

फूजी नाइनच्या पावडर-लिक्विडचे प्रमाण वजनाने ३.६ ला १ आहे, म्हणजे एक सपाट चमचा पावडर आणि एक थेंब लिक्विड. पावडरीची बाटली आधी हलवा, चमचा भरा, बाटलीच्या कडेला पुसून सपाट करा. दाबून भरू नका. लिक्विडची बाटली आधी आडवी धरा, म्हणजे हवा टोकापासून मागे सरकते, मग सरळ उलटी करून थेंब पाडा. बुडबुड्याचा थेंब पडला तर तो पुसून टाका, त्याच्यावर दुसरा पाडू नका. पावडरीचे दोन सारखे भाग करा. पहिला भाग सगळ्या लिक्विडमध्ये १० सेकंद, दुसरा घालून १५ ते २० सेकंद. एकूण अर्ध्या मिनिटाच्या आत. कागदी पॅडवर, प्लास्टिकच्या स्पॅचुलाने, छोट्या जागेत दाबून कालवा. पॅडभर पसरवत बसलात की पाणी उडते. लिक्विड आधी काढून ठेवायचे नाही, रुग्ण तोंड उघडून तयार झाल्यावरच काढायचे.

कालवणाऱ्याला दुसरे काम देऊ नका. शिबिरात कालवणारी व्यक्ती रांगही सांभाळत असेल तर पाचव्या मुलापासून सिमेंट पातळ होऊ लागते.

दवाखान्यातल्या इन्व्हर्टरबद्दलही दोन शब्द, कारण वर्ध्याहून तोच प्रश्न आला आहे. यंत्राच्या मागच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिले असेल तर आत स्वतंत्र पॉवर सप्लाय आहे, व्होल्टेज खालीवर झाले तरी वेग सहसा टिकतो. फक्त २२० किंवा २३० लिहिले असेल आणि मोटर ब्रशची असेल तर व्होल्टेज १८० वर आले की वेग पडतो. तुमच्याकडे दुपारी सिमेंट बिघडते आणि सकाळी चांगले येते असे असेल, तर प्लगशी मल्टिमीटर लावून बघा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर मोटर गुरगुरते आणि तापते.

अमेरिकेहून परत येताना एक चांगला मिक्सर आणला आहे, १२० व्होल्टचा. ट्रान्सफॉर्मर लावला की झाले ना?
दंतवैद्य, पुणे

व्होल्टेजचे झाले, हर्ट्झचे नाही. तिकडे वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. यंत्रात ब्रशची मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असेल तर फरक पडत नाही. साधी इंडक्शन मोटर असेल तर वेग पाच-षष्ठांश होतो, ४३०० चे यंत्र ३५८० च्या आसपास फिरते. गंमत म्हणजे विजेच्या लाटा मोजून चालणारा जुना टायमर असेल तर तोही तेवढाच मंदावतो, १० सेकंद लावले की १२ चालतात. फेऱ्या बरोबर जुळतात आणि यंत्र ठीक आहे असे वाटते. पण जालन्याच्या उत्तरात सांगितलेला धक्का सुमारे ७० टक्क्यांवर आलेला असतो. ट्रान्सफॉर्मर यंत्राच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्या आणि वापरण्याआधी वेग मोजाच.

अमाल्गम बंद करायचे ठरवले आहे. चांदी भरायचे जुने यंत्र विकावे की पुसून जीआयसीसाठी वापरावे?
दंतवैद्य, वाई

ते कोणत्या प्रकारचे आहे यावर ठरेल. दोन टाक्यांतून पारा आणि मिश्रधातूची पूड आपोआप घेणारे जुने यंत्र असेल, किंवा त्यात बाटलीतला पारा टाकून पुन्हापुन्हा वापरायची कॅप्सूल फिरवली असेल, तर ते विकूही नका आणि वापरूही नका. अशा यंत्राच्या चिमट्याच्या खोबणीत, झाकणाच्या रबरात, टाकीच्या झडपेत पाऱ्याचे बारीक थेंब बसलेले असतात. मोटर तापली की वाफ निघते, आणि ती वाफ दिवसभर हुंगते ती तुमची मदतनीस.

बंद, एकदाच वापरायच्या कॅप्सूलच फिरवल्या असतील तर धोका कमी, पण शून्य नाही, कारण काही कॅप्सूल फिरताना जोडापाशी थोड्या गळतात. प्लग काढा. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. टॉर्चचा उजेड आडवा मारा, थेंब चमकतात. चिकटपट्टीने उचला, पट्टीसकट घट्ट झाकणाच्या बाटलीत टाका. व्हॅक्यूम क्लीनर कधीही लावू नका, तो पारा वाफ करून खोलीभर फेकतो. ही बाटली आणि जुन्या अमाल्गमचे तुकडे पिवळ्या किंवा लाल पिशवीत टाकायचे नाहीत. पिवळी पिशवी भट्टीत जाते आणि पारा धुराड्यातून बाहेर पडतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची घातक कचऱ्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्या.

अजून काही महिने साठा संपवायचा असेल तर कॅप्सूलचा आकार बघून वेळ लावा. कॅप्सूलचे माप स्पिलमध्ये सांगतात: एका स्पिलमध्ये साधारण ४०० मिलिग्रॅम मिश्रधातू असते, दोनमध्ये ६००, तीनमध्ये ८००, आणि प्रत्येकाचे सेकंद पत्रकात वेगळे दिलेले असतात. कमी फिरले तर गोळा निस्तेज आणि भुसभुशीत, दाबला की चुरा होतो. जास्त फिरले तर गरम, चकचकीत, कॅप्सूलला चिकटणारा आणि दाबायच्या आत घट्ट होणारा. हवा तो गोळा एकसंध, चमकदार, किंचित कोमट असतो आणि कॅप्सूलमधून आपोआप सुटून बाहेर पडतो. लहान मुलांच्या, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या दातांत मात्र तो साठाही संपवू नका.

निर्णय योग्य वेळी घेतला आहे. भारताने पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१८ मध्ये मंजूर केला. दंतवैद्यांनी सुटा पारा वापरू नये, अशी दुरुस्ती त्या करारात २०२२ मध्ये झाली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम जवळजवळ पूर्ण थांबवले आहे. त्यामुळे नवे यंत्र घेताना अमाल्गमसाठी वेगळी सोय मागू नका, तिचे पैसे कशाला भरायचे.

मिक्सरच्या चिमट्यात मोठा डबा लावून अल्जिनेट (दातांचे माप घ्यायचे साहित्य) फिरवता येईल का?
दंतवैद्य, सातारा

नाही. चिमटा एका ग्रॅमच्या आतबाहेरच्या मालासाठी बनवलेला असतो. त्याच्यावर जास्त वजन टाकले तर आधी चिमट्याचा हात तुटतो, नंतर शाफ्ट वाकतो. अल्जिनेटचे यंत्र वेगळे येते, त्यात रबरी वाटीच फिरते. दिवसाला चार-पाच मापे घेत असाल तरच त्याचा विचार करा, नाहीतर हात आणि स्पॅचुला.